साळूबाईनं प्रार्थना थांबवली

सुनेला मार बसताना साळूबाईला ऐकू आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. घर होतंच केवढं? पुढची खोली, मागची खोली, मधे विटेची भिंत, तिला धड गिलावापण नाही. पलीकडं कुणी कूस बदलली तरी अलीकडं कळायचं. तरी साळूबाई ऐकायची नाही. ऐकायचं नाही म्हणजे काय करायचं, तर मोठ्यानं गाणं म्हणायचं. प्रभूचं गाणं! हा उपाय तिला कुणी शिकवायला लागला नव्हता. तिचा नवरा धनाजी जिवंत होता तेव्हा शेजारच्या पाळकीणबाई, म्हणजे तेव्हाच्या पाळकांची बायको, तिच्यासाठी हेच करायच्या. इकडं पट्ट्याचा आवाज, तिकडं गाण्याचा. तीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. धनाजी गेला, चर्चच्या मंडळीनं त्याच्या शवपेटीवर फुलं वाहिली, 'विश्वासू सेवक' म्हणून भाषणं ठोकली, आणि साळूबाईला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटते! खाण तशी माती. तिचा लेक सूरज साताऱ्याला एमआयडीसीत कामाला होता. महिन्यातनं दोनदा सांगलीला घरी यायचा, त्यामुळं त्याच्या बायकोला, सोनियाला, महिन्यातनं दोनदाच मार बसायचा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कारखान्यानं गेट लावलं आणि हा पठ्ठ्या घरात ठाण मांडून बसला. मग काय, रोजचा रतीब. भाजीत मीठ जास्त झालं, मार. कमी झालं, मार. बाहेर चौकाचौकात पोलीस दांडकी घेऊन उभे, एसटी बंद, सोनियाचं माहेर तिकडं कडेगावला. पोरगी जाणार कुठं?

चर्चला कुलूप होतं, पण मंडळी मोडली नव्हती. रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर प्रार्थना व्हायची. पाळक बाळासो आवळे सांगलीतनं, पलटणीतनं निवृत्त झालेले सुभेदार आप्पासो साताऱ्यातनं, म्हातारी रंगुबाई फलटणहून, आणि अशी तीस-पस्तीस घरं. त्या फोननं माणसं जगवली, हे खरंय, उगाच नावं ठेवायचं कारण नाही. कुणाला बेड मिळाला तो त्या फोनवर, कुणाला ऑक्सिजनचा सिलिंडर मिळाला तो त्या फोनवर. रंगुबाईचा भाऊ गेला, मातीला कुणाला जाऊ देईनात, तेव्हा सगळे दिवसभर आळीपाळीनं म्हातारीशी बोलत राहिले. तिला एकटं पडू दिलं नाही.

फक्त एक रीत होती. प्रार्थनेआधी प्रत्येकानं आपली विनंती सांगायची. ताप असेल तर नाव घेऊन सांगायचं, नोकरी गेली असेल तर नाव घेऊन सांगायचं. घरात मारहाण असेल तर मात्र नाव घ्यायचं नाही. म्हणायचं, "एका बहिणीच्या घरी शांती नाही, तिच्यासाठी प्रार्थना करा." दीड महिना ती 'एक बहीण' रोज यादीत होती. ती कोण हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. सूरज घरात असला की त्या विनंतीला सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणायचा, मुडदा! आणि ती विनंती रोज द्यायचं कोण? साळूबाईच. देवाच्या कानावर घातलं, आपलं काम झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

त्या गुरुवारी सात वाजता साळूबाई पुढच्या खोलीत आपला फोन घेऊन बसली. सोनिया मागच्या खोलीत, मधलं दार लावून, कारण दोन फोन जवळ आले की कुई वाजायची. सूरज परसात तंबाखू मळत बसला होता. विनंत्या सुरू झाल्या. साळूबाईनं घसा साफ केला, "एका बहिणीच्या..." म्हणणार, तेवढ्यात सोनियाचा आवाज आला. भिंतीतनंही आला आणि फोनमधनंही.

"सलाम, मंडळी. मी सोनिया बोलतीया. ती एक बहीण म्हंजे मी हाय. माझा नवरा मला रोज मारतोय. काल त्यानं माझा गळा दाबला. आता मला जित्ती ठेवत न्हाई त्यो. माझं नाव घिऊन प्रार्थना करा. आन नुसती प्रार्थना नगं, कुणीतरी या."

साळूबाईच्या काळजाचं पाणी झालं. सुनेची कीव आली म्हणून नव्हे बरं का. अब्रू गेली, म्हणून! पाळक बाळासो खाकरले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"हं... प्रभू सगळं जाणतो. आपण सगळ्याच कुटुंबांना प्रभूच्या हाती देऊ. साळूबाई, तुम्ही प्रार्थना चालवा."

साळूबाईनं डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला. "हे आमच्या स्वर्गातल्या बापा..."

परसाकडचं दार धाडकन आपटलं. सूरजनं सगळं ऐकलं होतं.

"चव्हाट्यावर मांडतीस मला? व्हय गं? मांडतीस?" आणि पहिला दणका. मग भांडी पडल्याचा आवाज. मग सोनियाचं ओरडणं, मग ते ओरडणं हातानं दाबल्याचा घुसमटलेला आवाज. तिचा फोन चालूच होता. साताऱ्यात, फलटणला, कडेगावात, घराघरात तो मार जसाच्या तसा पोचत होता. आणि साळूबाईनं काय करावं? तिनं प्रार्थनेचा आवाज वाढवला. "हे बापा, तुझी दया, तुझी करुणा, तुझी मोठी कृपा..." भिंतीपलीकडचा दणका जेवढा मोठा, तेवढा तिचा आवाज मोठा. सवयच ती, हाडीमाशी खिळलेली.

"कुणाचा तरी आवाज येतोय," पाळक घाईघाईनं म्हणाले, "कृपया म्यूट करा. ज्यांच्याकडनं आवाज येतोय त्यांनी म्यूट करा."

आणखी एक-दोघं म्हणाले, "म्यूट करा, म्यूट करा. प्रार्थना ऐकू येईना."

"आत्या!" सोनिया सासूला हाक मारत किंचाळली. "आत्याऽऽ, सोडवा!"

साळूबाई 'करुणा' म्हणता म्हणता थांबली. तिनंही अशीच हाक मारली होती, एकदा नव्हे, शंभरदा. आणि शंभरदा पलीकडनं गाणंच ऐकू आलं होतं. त्या गाण्याचा तिला एवढा राग होता, एवढा संताप होता, आणि तो आजवर तिचा तिलाच माहीत नव्हता. ती उठली.

"थांबा!" ती फोनमध्ये ओरडली. "कुणी बी म्यूट करायचं न्हाई. पाळकसाहेब, बटणाला हात लावाल तर बघा! ऐका. समद्यांनी ऐका. दीड म्हैना नाव न घेता प्रार्थना करताय न्हवं, आता कान उघडून ऐका."

तिनं फोन पोलक्यात खोचला आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं. मिरची कांडायचं जुनं मुसळ, तळाला लोखंडी कडं. मधल्या दाराला आतनं कडी होती. पहिल्या घावाला फळी तडकली, दुसऱ्याला कडी लोंबली, तिसऱ्याला दार भिंतीवर जाऊन आदळलं. चौसष्ट वर्षांची बाई! चाळीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून पेशंट उचललेले हात होते ते, फुकाचे नव्हते.

आत सूरजनं सोनियाचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता. मोजून मापून, नारळ फोडावा तसा. ओट्यावरनं रक्त खाली ओघळत होतं. पोरीचा जबडा एका बाजूला सरकला होता, डोळा मिटला होता, तिच्या तोंडातनं आता ओरडणंही येत नव्हतं, नुसती गुळगुळ. दवाखान्यात असली तोंडं साळूबाईनं धुतली होती. आणखी दोन दणके बसले की पुढं काय होतं, हे तिला डॉक्टरपेक्षा बरं ठाऊक होतं.

तिनं हाक मारली नाही, बजावलं नाही. केस धरलेल्या हातावर, कोपराच्या खाली, मुसळ आणलं. काडकन आवाज झाला. हाड मोडल्याचा आवाज साळूबाईला परका नव्हता.

सूरज गुरासारखा ओरडला. सोनिया सुटून खाली कोसळली. त्यानं वळून बघितलं, आई! क्षणभर त्याला खरंच वाटेना. मग धड राहिलेल्या हातानं त्यानं आईच्या थोबाडीत अशी दिली की तिचे पुढचे दोन दात हलले आणि ती मांडणीवर जाऊन आदळली. ताटं अंगावर पडली.

"आई हाईस का कसाई? माझा हात मोडलास?"

"त्यो हात आदीच मोडाय पायजे हुता," साळूबाई रक्त थुंकत म्हणाली.

"बाप मारत हुता तवा कुठं गेलं हुतं हे मुसळ? मी कोपऱ्यात बसून बघायचो. तवा तर हात जोडून बसायचीस!"

"व्हय," ती म्हणाली. "बसायची. तितंच चुकलं माझं. तू बघत हुतास आन मी बसून हुते."

तो धावून आला. तिनं मुसळ आडवं फिरवलं ते त्याच्या गुडघ्यावर बसलं, तो पालथा पडला. मग तिला काय झालं कुणास ठाऊक. तिनं त्याच्या खांद्यावर एक घातलं, पाठीत एक घातलं. एक सोनियाचं, एक स्वतःचं. तिला खाली पडलेला सूरज दिसत होता आणि धनाजीही दिसत होता, दोघांची पाठ एकसारखीच. पोलक्यातनं फोन बोंबलत होता. फलटणची रंगुबाई, ऐंशी वर्षांची, कधी वर मान करून न बोललेली, घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "साळे, हाण! एक माझ्या नावाचा हाण!" पाळक रडत होते. आणि साळूबाईनं मुसळ डोक्याच्या वर नेलं. खाली लेकाचं टाळकं.

"साळूबाई! आवं, डोक्यात न्हाई!" सुभेदार आप्पासोचा परेडवरचा आवाज फोनमधनं आला. "डोकं सोडा! पोलिसांना फोन केलाय मी, निघाल्यात. मेला तर त्यो सुटंल आन तुमी आत जाल. मग पोरीकडं कोण बघंल? खाली ठेवा ते, आपली शपथ हाय!"

पोरीकडं कोण बघंल, एवढंच तिच्या कानात शिरलं. तिनं मुसळ खाली आणलं, हळूच, आणि सूरज आणि सोनियाच्या मधे ते आडवं धरून बसून राहिली. सूरज कण्हत होता. तो जरा हलला की ती मुसळ उचलायची.

नाकाबंदीवरचे पोलीस दहा मिनिटांत आले. त्यांच्या मागनं पाळक बाळासो स्कूटरवर आले, तोंडाला दोन दोन मास्क, आणि दारातच थिजले. फौजदारानं विचारलं, ह्याला कुणी मारलं? साळूबाई म्हणाली, "मी. आईय मी त्याची. तिला त्यानं मारलं, त्याला मी मारलं. दोनी लिवा." सूरजला जीपमध्ये घालताना त्यानं हंबरडा फोडला, "आई गं, चुकलो, आई!" लहानपणी पडला की असाच रडायचा. पण साळूबाईनं सोनियाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही.

दवाखाने करोनानं तुंबलेले. सोनियाला कॉरिडॉरमध्ये सतरंजीवर ठेवलं, जबडा तारांनी बांधला. एका डोळ्याचं काय होईल सांगता येत नाही म्हणाले. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं आणि त्याच दुपारी पाळकांचा फोन आला.

"साळूबाई, सूरजला पश्चात्ताप झालाय. लय रडतो म्हणे. मंडळीचं नाव पेपरात येईल, धनाजीभाऊंचं नाव खराब होईल. आईचं काळीज आहे तुमचं. तक्रार मागं घ्या. मिटवून टाकू. आपण सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करू."

"करा की," साळूबाई म्हणाली. "नाव घिऊन करा. सकाळ-संध्याकाळ करा. मी बी करतीया, झोपंत बी करतीया. पर सही केलीया ती केलीया. कोर्टात हुबं केलं तर बोलणार हाय मी."

"माफ नाही करणार लेकाला?"

"माफ करून करूनच ही येळ आली, पाळकसाहेब," म्हणून तिनं फोन ठेवला.

चुलीवर तांदळाची पेज गार होत होती. तिनं वाटी भरली, सोनियाच्या उशाशी बसली, तारांच्या फटीतनं चमचा चमचा घालू लागली. अर्धी पेज हनुवटीवरनं ओघळत होती, ती पदरानं टिपत होती. सोनियानं उघड्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. दात न उघडता, जड जड बोलली.

"आत्या, रडताय?"

"व्हय," साळूबाई म्हणाली. "ल्योक हाय त्यो माझा."

आणि तिनं पुढचा चमचा भरला.