भोळीची पांढरी अंडी

मी एक म्हातारी कोंबडी आहे. मित्रांनो, आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही; पण एके काळी माझ्या निळ्या अंड्यांमुळे अख्खी गल्ली मला ओळखत होती.

या घरातली आई शिवणकाम करते. तिला परसात कोंबड्या हव्या होत्या, त्याही अंड्यांचा रंग पाहून निवडलेल्या. कोंबड्या विकणारे काका एकेकीला उचलून दाखवत होते. "ही निळी घालेल, ही हिरवट, ही तपकिरी." चौथीबद्दल ते म्हणाले, "हिचं काही सांगता येत नाही बघा." पण छोटीने, म्हणजे आईच्या लेकीने, तिलाच पोटाशी धरले होते. तीच भोळी.

माझे पहिले अंडे आले आणि माझ्या कौतुकाला पारावार उरला नाही. भोळीने घातले साधे पांढरे. आईचा चेहरा उतरला. "अशी तर दुकानात ढिगाने मिळतात."

खुराड्यात जागा चौघींचीच. आईला आता गडद चॉकलेटी अंडी घालणारी कोंबडी हवी होती. एकीला जावे लागणार होते.

हे ऐकल्यावर छोटी रोज शाळेआधी खुराड्यात येऊ लागली. भोळीचे कोमट अंडे उचलायची, शाळेच्या रंगपेटीतला निळा रंग त्यावर फासायची आणि फुंकर घालून वाळवायची. आई हरखली. "अगबाई! भोळीपण निळी घालायला लागली की!" छोटी माझ्याकडे पाहून गालात हसायची. आठ दिवस हे असे चालले.

मग एका सकाळी आईने अंडी नळाखाली धरली आणि तिची बोटे निळी झाली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. सारे काही तिने हसण्यावारी नेले, पण बेत बदलला नाही.

रविवारी बाबांनी भोळीला करंडीत घातले.

"कुठे नेताय तिला?"

"मोठ्या जागेत सोडतो. तिथे मजेत राहील ती." बोलताना त्यांनी छोटीकडे पाहिले नाही.

तासाभराने त्याच करंडीतून चॉकलेटी अंड्यांची कोंबडी आली.

छोटी दर रविवारी विचारायची, "बाबा, भोळीला भेटायला कधी जायचं?" एका रविवारी बाबांनी तिची नजर चुकवून रिकामी करंडी कोपऱ्यात सरकवली. तिने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि ती घरात निघून गेली. त्यानंतर ती खुराड्याकडे कधी फिरकली नाही. माझी निळी अंडीही तिने ताटात घेतली नाहीत. मी दाराशी उभी राहून पुष्कळ हाका मारल्या, मित्रांनो. कोंबडीची हाक कुणाला कळते?

आता माझी अंडी थांबली आहेत. परवा आई बाबांना म्हणाली, "हिचंही बघायला हवं." मला भीती वाटत नाही. वाईट एवढेच वाटते, की या वेळी कुणी आडवे येणार नाही.

मित्रांनो, एखादा जीव घरी आणण्याआधी स्वतःला विचारा: मनासारखे नाही मिळाले, तरी त्याला ठेवून घ्याल ना? नसेल जमत, तर आणू नका. त्या रविवारी करंडीत जाण्याआधीही भोळी अंडे घालून गेली होती.