तीन झडपांचं चित्र

गेंटजवळच्या आमच्या गावात लीवेन बिअर गाळायचा आणि त्याच्या बहिणीचा नवरा योस कापड विकायचा. दोघांनी मिळून चर्चच्या वेदीला चित्र अर्पण करायचं ठरवलं, पुण्यासाठी. पुण्य गावाला दिसायला हवं, म्हणून चित्रात स्वतःलाही घालायचं ठरलं.

चित्रकारीण कातेलीन म्हणाली, "मधे मरियम, दोन बाजूंना दोन झडपा. आतून रंग आणि सोनं. बाहेरून नुसता राखाडी, दगडी मूर्तीसारखा."

"आत मी आणि माझी बायको," लीवेन म्हणाला. "दाजी, तुम्ही बाहेर. राखाडीच शोभतो तुम्हाला."

"बरोबर आहे मेव्हणे. गावातला सगळा लाल रंग तुमच्या नाकालाच लागणार."

पण पदरचे जास्त लीवेन घालणार होता, त्यामुळे योस बाहेर गेला.

ईस्टरला झडपा उघडल्या. लाल मखमलीतला लीवेन गुडघे टेकून बसला होता, मागच्या संतापेक्षा अंमळ मोठाच. योसचं तोंड भिंतीकडे. प्रार्थना संपेपर्यंत लीवेन स्वतःकडेच बघत राहिला.

सण सरला आणि झडपा मिटल्या. लीवेन धावत पाद्री गिलिसबाबांकडे गेला.

"बाबा, हे काय?"

"अशा चित्राला ड्रीलॉइक म्हणतात. शब्दाचा अर्थच तीन झडपा, मधली फळी धरून. झडप मिटायलाच असते ना रे? सणावारी उघडायची, एरवी बंद."

"एरवी म्हणजे?"

"जवळजवळ वर्षभर."

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा तो हात जोडलेला राखाडी योस. दाढदुखीनं बेजार झालेल्या एका परगावच्या बाईनं त्याला जुना संत समजून मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी तिची दाढ आपोआप पडली. मग काय, रीघच लागली.

"हा संत?" गुत्त्यात लीवेन ओरडायचा. "कापड मोजताना स्वतःचा अंगठाही मापात धरतो हा!"

योसला आधी बरं वाटलं. रस्त्यानं तो चित्रातल्यासारखी मान वाकवून चालू लागला. पण लोक दुकानात येऊन म्हणू लागले, "संतमाणसानं पैसे मागावेत?" आया तापलेली पोरं त्याच्या मांडीवर ठेवू लागल्या. बाजारात त्याला शिवीही देता येईना. बायको म्हणाली, "देवमाणूस देवळात बरा. माझ्या घरात नको."

शेवटी मेव्हणे-दाजी जोडीनं गिलिसबाबांकडे गेले. "झडपा कायमच्या उघड्या ठेवा."

"नाताळाआधीचे उपवास लागलेत. आता नाही," बाबा म्हणाले. खरं तर मेणबत्त्यांच्या उत्पन्नातून छप्पर दुरुस्त होत होतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी योस चर्चमध्ये गेला, तर त्याच्याच चित्रापुढे लीवेन काठी टेकून उभा. हातात भली मोठी मेणबत्ती.

"मेव्हणे, तुम्ही?"

"काही बोलू नका दाजी," लीवेन कण्हत म्हणाला. "पायाचा अंगठा फार ठणकतोय. तुम्ही आलाच आहात, तर जरा हात लावता का?"