सिरिल आणि पार्टी

अजितने लाल पेनाने चार ओळींवर काट मारली आणि कागद शिवलीलाबाईंच्या टेबलावर परत सरकवला.

"हे आजपासून बंद, मॅडम. जॅझ ऐकायला जाणारी माणसं या शहरात असून असून किती असणार? त्या स्पेसमध्ये आपण पब्जची लिस्ट टाकू."

शिवलीलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ओळी त्याच होत्या. शनिवार, संध्याकाळी सहा. जॅझ, वादक तिघे. क्लबचा हॉल, कॉक्स टाउन. प्रवेश सर्वांना. गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी त्या इंग्रजी पेपरात, शहरातल्या कार्यक्रमांच्या सदरात, त्या छापून येत होत्या. सदर शिवलीलाबाईंचं होतं. त्यावर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं आणि यावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

"काय म्हणून काढायचं, सर? परवा ते वाजवणार हाईत. होणार म्हटल्यावर छापायला नको?"

अजित हसला. तो पुण्याहून इकडे कर्नाटकात आलेला, तिशीतला, जाहिरात विभागाचा नवा साहेब. मुलगा वाईट नव्हता. ऑफिसात मराठी बोलणारं माणूस सापडलं म्हणून पहिल्या दिवशी त्याने शिवलीलाबाईंना पेढा दिला होता. मग निपाणीकडच्या बायकांप्रमाणे त्या 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात हे ऐकून त्याला फार गंमत वाटली होती, आणि ती गंमत त्याने सगळ्या मजल्याला सांगितली होती.

"होणार ते सगळंच छापायचं तर पेपर पुरायचा नाही," तो म्हणाला आणि गेला.

त्याने ठेवलेल्या यादीत पाच पबांची नावं होती. शिवलीलाबाईंचा एक नियम होता. पूर्वी एकदा त्यांनी छापलेलं एक गाणं रद्द झालं होतं, आणि जयनगरहून दोन बस बदलून आलेला एक म्हातारा कुलूप पाहून परत गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात येऊन आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "काही हरकत नाही, अम्मा" म्हणाला, आणि ते शिवलीलाबाईंना आजवर डाचत होतं. तेव्हापासून स्वतः विचारून खात्री केल्याशिवाय त्या एक ओळ छापत नसत. म्हणून त्यांनी पहिल्या पबाला फोन लावला. शुक्रवारी 'जॅझ नाइट' आहे असं लिहिलंय, तर वाजवणार कोण, असं विचारलं. पलीकडच्या माणसाला प्रश्नच कळेना. शेवटी तो म्हणाला की कॅसेट लावणार, दुसरं काय.

शिवलीलाबाईंनी फोन ठेवला. शहरात जॅझ प्रत्यक्ष वाजवणारी माणसं तीन, त्यांना काट; आणि कॅसेटला जागा. राग त्यांना सहसा येत नसे. आला की मात्र तो बरेच दिवस मुक्कामाला असे.

त्यात त्या सकाळी सिरिल येऊन गेला होता. दर गुरुवारी अकराला तो सायकल जिन्याखाली लावून चिठ्ठी द्यायला येई. सत्तरीचा, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट. बावीस वर्षांत एक गुरुवार चुकला नव्हता. पूर्वी वादक चौघे असत. सॅक्सोफोन सिरिलचा, आणि पियानो त्याची बायको वाजवायची. सात वर्षांपूर्वी एका गुरुवारी तो नेहमीसारखा आला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, या आठवड्यापासून चारच्या जागी तीन छापा. शिवलीलाबाईंनी सहज का म्हणून विचारलं. मंगळवारी तिला पुरलं, असं त्याने सांगितलं. बायको जाऊन दोन दिवस झालेले, आणि हा माणूस पेपरात खोटा आकडा जाऊ नये म्हणून सायकल मारत आला होता. शिवलीलाबाईंना जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या कधी ऐकायलाही गेल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून त्या चार ओळी त्यांना देवघरातल्या दिव्यासारख्या झाल्या. लावायच्या म्हणजे लावायच्या.

आज सिरिलने दुसरी बातमी आणली होती. क्लबच्या कमिटीला तो हॉल कॉम्प्युटर क्लासला द्यायचा होता. या शनिवारी चाळीस माणसं जमली तर वर्षभर हॉल यांच्याकडे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून बंद. नेहमी नऊ माणसं येत, फार तर अकरा. सिरिल हे हसून सांगत होता, आणि त्याचं हसणं पाहवत नव्हतं.

शुक्रवारचा पेपर त्या चार ओळींशिवाय निघणार हे ठरून गेलं होतं. संध्याकाळी शिवलीलाबाई जयनगरला घरी पोचल्या तेव्हा त्यांची मोठी बहीण कस्तुराबाई पेपर मांडीवर घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसली होती. ती वाचायची ते सदर वेगळं: प्रवचने व भजने. तेही शिवलीलाबाईच रोज लिहीत. कुठल्या मठात गीता, कुठल्या देवळात रामायण, कुठे 'अमुक आणि पार्टी', म्हणजे अमुक आणि साथीदार, यांचं भजन. कस्तुराबाई आणि तिचा मेळा, जयनगर-बसवनगुडीतली पाऊणशे म्हातारी माणसं, त्या सदरावर जगत. आज कुठे जायचं हे सकाळी ठरे आणि फोनाफोनी होई.

"गेल्या सोमवारचं ते सॅक्सोफोन काय झालं म्हणतीस," कस्तुराबाई अजून तोच विषय उगाळत होती. "देवळाचं अंगण भरून गेलं. तसला कुणी आला तर आधी सांग गं मला. कुठं बी असू दे, आम्ही येतो."

कर्नाटकात सॅक्सोफोन देवळात वाजतो, लग्नात वाजतो, त्यागराजांच्या कृती वाजवतो. या माणसांच्या लेखी ते नादस्वराचंच, देवळातल्या त्या लांब सनईचंच, भावंड. शिवलीलाबाई हातातला चहा तसाच धरून बहिणीकडे बघत राहिल्या.

प्रवचनांच्या सदराला अजितच काय, संपादकही हात लावत नसत. मालकांची आई रोज सकाळी भिंग घेऊन ते पहिलं वाचे, आणि एकदा एक भजन गळलं तेव्हा अख्खा मजला फैलावर घेतला गेला होता. शुक्रवारी दुपारी शिवलीलाबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. आधी सिरिलच्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप दिला, उलट निरोप घेतला, कार्यक्रम नक्की आहे याची खात्री केली. मग टाइप केलं. सॅक्सोफोन वादन : सिरिल आणि पार्टी. संध्याकाळी सहा. क्लबचा हॉल, कॉक्स टाउन. प्रवेश सर्वांना.

तीनदा वाचलं. यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त डोक्यावरचं शीर्षक 'प्रवचने व भजने' होतं, आणि तेवढ्यापुरता त्यांचा हात अडला. उद्या कुणी दोन बस बदलून येईल आणि फसलो म्हणेल, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. उद्या दारात आपण उभं राहायचं. जो काही बोलेल तो आपल्याला बोलेल. मग त्यांनी पान पुढे पाठवलं.

शनिवारी साडेपाचलाच माणसं यायला लागली. पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्या, थर्मास, बसायला चटया. कस्तुराबाई बारा जणी घेऊन आली. एकीने वादकांसाठी मोगऱ्याचे हार आणले होते. हॉलच्या पायरीशी आल्यावर सगळ्यांनी सवयीने चपला काढल्या. क्लबच्या लाकडी जमिनीवर पन्नास वर्षं बुटांचा नाच झालेला. अनवाणी पाय त्या जमिनीने पहिल्यांदाच पाहिले. सहाला पाच मिनिटं असताना सिरिल बाहेर आला आणि चपलांचा ढीग बघून थबकला. आत काही गैर झालं का, असं त्याने घाबरून विचारलं. शिवलीलाबाईंनी सांगितलं की जिथे विद्या असते तिथे इकडची माणसं पायताण बाहेर ठेवतात. तो आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला, आणि ते घालूनच आत गेला.

पहिलं वादन सुरू झालं आणि दोन मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. हे भजन नव्हे, कृती नव्हे, ड्रम तर भलत्याच ठिकाणी वाजतोय. काही जण उठले. दारात शिवलीलाबाई उभ्या होत्या. एकेकाला त्यांनी सांगितलं की हे सदर मी लिहिते, ही नोंद मी केली, रागवायचं तर मला रागवा. दोघेतिघे रागावले. एका बाईंनी हार परत नेला. कस्तुराबाईने लांबूनच बहिणीकडे असा कटाक्ष टाकला की आता महिनाभर घरात जेवण मुकाट्याने होणार.

पुढच्या रांगेत आप्पाजी बसले होते, बसवनगुडीतले निवृत्त हेडमास्तर. त्यांना अख्खा मेळा मानायचा. ते उठले की सगळे उठत. ते डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते आणि त्यांची बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती. तुकडा संपला तसे ते उभे राहिले.

आप्पाजींनी सिरिलला कन्नडमध्ये विचारलं की राग कोणता. सिरिलने त्याच्या मोडक्या कन्नडमध्ये उत्तर दिलं की नाव तुमच्यात काय म्हणतात ते माहीत नाही. आम्ही घरातून निघतो, जो तो आपापल्या वाटेने भटकतो, आणि शेवटी सगळे एकदम घरी येतो.

आप्पाजींनी मान डोलावली.

"स्वल्प थांबा. माझा ताल तीनदा हुकला. तेच पुन्हा वाजवा, या वेळी मी पकडतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

सिरिलने तेच पुन्हा वाजवलं. आप्पाजी पुढे वाकून, ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखे बोटं मोजत होते. ड्रमवाला दूर कुठेतरी भटकून आला, सॅक्सोफोन वरून उतरला, आणि तिघे ज्या क्षणी एकत्र आले त्याच क्षणी आप्पाजींचा तळवा मांडीवर पडला. "शाब्बास" म्हणून ते ओरडले ते वादकांना की स्वतःला, कुणास ठाऊक. मागे हसू फुटलं. उठू पाहणारे बसले. कमिटीच्या सेक्रेटरीने सातला डोकी मोजली. चव्वेचाळीस भरली. शिवलीलाबाई दारातल्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सोमवारी अजितने बोलावलं. मालकांच्या आईकडे कुणीतरी तक्रार केली होती. अजितने एक कागद टाइप करून आणलाच होता. 'नजरचुकीने' सदर नोंद चुकीच्या शीर्षकाखाली गेली, क्षमस्व. खाली सहीची जागा. तो खरोखर काळजीने बोलत होता.

"फक्त सही करा, ताई. विषय संपला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची, कशाला उगाच?"

पहिल्या दिवसानंतर तो आज पहिल्यांदा ताई म्हणाला होता, आणि शिवलीलाबाईंना त्याचं वाईट वाटलं. त्यांनी कागद वाचला. मग पेन उचललं आणि 'नजरचुकीने' या शब्दावर काट मारली, त्याने गुरुवारी मारली होती तशीच.

"बावीस वर्षांत माझ्याकडनं एक नजरचूक झाली नाही, सर. न केलेली चूक केली म्हणून कशी लिहून देऊ? मी समजून-उमजून टाकलो. तसंच लिहा, मी सही करतो."

"मग सदर जाईल तुमच्याकडून."

"जाऊ दे. पण शनिवारी ते वाजवणार हाईत, हे तुम्ही छापा नाहीतर नका छापू. ते होणार."

सदर गेलं. दोन्ही गेली. शिवलीलाबाईंना तळमजल्यावर जुन्या अंकांच्या खोलीत बसवलं, जिथे त्यांच्याच हातची बावीस वर्षं गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेली होती. गुरुवारी अकराला सिरिल चिठ्ठी घेऊन तिथेही आला. आता ही छापता येणार नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्याने चिठ्ठी तरीही टेबलावर ठेवली. त्यांनी ती तरीही वाचून, वार-वेळ विचारून घेतली. मग घरी जाऊन त्यांनी शनिवारी सहाला वादन आहे, फक्त एवढंच बहिणीच्या कानावर घातलं. शनिवारपासूनचा अबोला तेवढ्यासाठी मोडला.

शनिवारी कस्तुराबाई नेसून, वेणी घालून दारात उभी होती. फोन झाले होते, पण तिचा जीव पेपरात अडकला होता.

"पेपरात तर कुठंच आलेलं न्हाई गं. होणार हाय का नक्की?"

"होणार. मी विचारून घेतलोय," शिवलीलाबाई म्हणाल्या.

पावणेसहाला दोघी कॉक्स टाउनला पोचल्या. आतून सॅक्सोफोनचे सूर जुळवल्याचा आवाज येत होता. पायरीशी चपलांचे सोळा जोड होते. आप्पाजींची जुनी कोल्हापुरी त्यात ओळखू आली. रांगेच्या शेवटी काळे, पॉलिश केलेले बूट होते, नाड्या नीट आत खोचलेल्या, मोज्यांची घडी करून वर ठेवलेली. शिवलीलाबाईंनी आपल्या चपला काढल्या, त्यांच्या शेजारी सरळ लावून ठेवल्या आणि त्या आत गेल्या.