एकतीस गाण्यांची यादी

सुज्ञ वाचकहो, एका विद्वान दिराने आपल्या वहिनीचे एक साधे काम अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने कसे पार पाडले, त्याचे यथातथ्य वर्णन प्रस्तुत कथेत करण्याचा संकल्प आहे. वाचकांनी ते शांत चित्ताने वाचावे, आणि आपल्या घरी असा विद्वान असल्यास त्यास मोठ्याने वाचून दाखवावे.

सदर विद्वानास घरात ‘कमांडर’ म्हणत. तीन महिन्यांच्या संगणकवर्गास त्याने दोन महिने हजेरी लावली होती. तिसऱ्या महिन्यात शिक्षकांनाच काही येत नाही असे त्याच्या ध्यानी आले व त्याने वर्ग सोडला. तेव्हापासून माउस हातात धरणे त्यास कमीपणाचे वाटू लागले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करावा आणि यंत्राने तो मुकाट्याने पाळावा, यातच खरा पुरुषार्थ आहे, असे त्याचे ठाम मत होते. घरात त्याचा हुकूम पाळणारे दुसरे कोणीही नव्हते, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल.

त्याची वहिनी गुडघेदुखीच्या लोकांना व्यायाम शिकवीत असे, तोही घरातील बैठकीच्या खोलीत. वर्गाच्या वेळी सोफा भिंतीशी उभा करावा लागे. बारावा विद्यार्थी आल्यापासून कोणाचा ना कोणाचा पाय टीव्हीला लागू लागला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, म्हणजे कमांडरच्या दादाने, निर्वाणीचे सांगितले, “या महिन्यात दुसरी जागा बघ, नाहीतर वर्ग बंद. मला माझ्याच घरात बसायला सोफा नाही.”

जागा एकच होती. वाचनालयाच्या शेजारचे सभागृह. तेथील व्यवस्थापकांनी मंगळवारी सकाळी दहा वाजता एक वर्ग प्रत्यक्ष पाहून निर्णय देण्याचे कबूल केले.

वर्गासाठी वहिनीने एकतीस गाणी निवडली होती. जुन्या कॅसेटींवरून ती एकेक करून घरच्या संगणकात उतरवायला तिला दोन वर्षे लागली. घोट्यासाठी संथ, गुडघ्यासाठी मध्यम, खांद्यासाठी उडते, असा त्यांचा क्रम तिने स्वतः बारा जणांचे चेहरे पाहून ठरविला होता.

सोमवारी ती म्हणाली, “भाऊजी, एवढी गाणी पेनड्राइव्हवर घालून द्या ना. मीच ओढून टाकणार होते, पण...”

“ओढून?” कमांडर हसला. “वहिनी, ती काय विहिरीतली बादली आहे? सरका जरा.”

एका फोल्डरातील प्लेलिस्ट दुसऱ्या फोल्डरात एका हुकमासरशी नेणारे एक साधन त्याने नुकतेच इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. सोबत चार पानांच्या सूचना होत्या. त्यातील पहिली ओळ त्याने वाचली. उरलेल्या ओळी नवशिक्यांसाठी असाव्यात, असे त्यास वाटले. त्याने बोटे मोडली, हुकूम टाइप केला आणि मान मागे टाकली. पडद्यावर उमटले : एक फाइल कॉपी झाली.

“झालं!”

“इतक्यात?” वहिनी म्हणाली.

दादाने चष्मा वर केला. “एक फाइल म्हणतंय ना रे ते? गाणी तर एकतीस आहेत.”

“दादा, एकतीस गाण्यांचं एक गाठोडं बांधलंय त्याने. तू टीव्ही बघ.”

“बरं बाबा. शिकलेला तू.”

मंगळवारी सभागृहात बारा जण ओळीने उभे राहिले. व्यवस्थापक हाताची घडी घालून दाराशी बसले. कमांडरने पेनड्राइव्ह तेथील संगणकास लावला. पडद्यावर एकतीस नावे क्रमवार झळकली. त्याने पहिले नाव दाबले. फाइल सापडत नाही. दुसरे दाबले. फाइल सापडत नाही. विद्वान मनुष्य चिकाटीचा असल्यामुळे त्याने एकतीसच्या एकतीस दाबून पाहिली.

“यंत्र तापलंय,” तो म्हणाला.

यंत्र थंडगार होते. प्लेलिस्ट म्हणजे कोणते गाणे कोठे राहते, याची केवळ यादी. साधनाने इमानाने यादीच नेली होती. गाणी घरच्या संगणकात सुखरूप होती. सूचनांच्या दुसऱ्या ओळीत हेच लिहिले होते.

पुढच्या रांगेतील निवृत्त परिचारिका पडदा वाचून म्हणाली, “अरे कमांडर, औषधाची चिठ्ठी आणलीस आणि गोळ्या दुकानातच ठेवल्यास की!”

तिने आपल्या मोबाइलवर एक गाणे लावून पाहिले. त्यातून आधी केसांच्या तेलाची जाहिरात मोठ्याने ओरडली. व्यवस्थापकांच्या भुवया वर गेल्या. तिने घाईने मोबाइल बंद केला.

वहिनीने एकवार दिराकडे पाहिले. मग ती वर्गाकडे वळली.

“गाणी तुम्हाला पाठ आहेत. मनातल्या मनात म्हणायची. भाऊजी, इकडे या. मी खूण केली की पुढचं नाव वाचायचं. हळू.”

आणि वर्ग सुरू झाला. कमांडर पडेल आवाजात नाव वाची, वहिनी बोटांनी ताल धरी, बारा जणांचे ओठ हलत. त्याखेरीज आवाज होता तो केवळ बुटांच्या घासण्याचा. सतराव्या नावाला दोघे जण मनातल्या मनातही बेसूर झाले असावेत, कारण ते एकमेकांकडे पाहून हसले.

वर्ग संपल्यावर व्यवस्थापक उठले. “बाई, खरं सांगू? मी नाहीच म्हणायला आलो होतो. आधीच्या वर्गाच्या गाण्यांनी वाचनालयातली तक्रारवही भरली. पण असा शांत वर्ग मी पाहिला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. अट एकच. हे असंच. एक गाणं वाजलं, की जागा गेली.”

वहिनी क्षणभर त्या एकतीस नावांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चालेल.”

बाहेर पडताच कमांडरची छाती फुगली. “बघितलंत वहिनी? बरोबर हुकूम दिला होता म्हणून जागा मिळाली!”

“हो ना भाऊजी. म्हणून सोमवारपासून तुम्हीही यायचं.”

“मी? कशाला?”

“यादी वाचायला. आणली कोणी?”

तेव्हापासून कमांडर आठवड्यातून तीनदा सहा वाजता उठतो. वहिनी बोटाने हुकूम सोडते आणि तो मुकाट्याने पाळतो. ती गाणी मात्र संध्याकाळी घरी वाजतात, क्रमवार, मोठ्या आवाजात. दादा सोफ्यावर बसून ऐकतो. गुडघेही हलवितो, पण कोणी पाहत नाही असे पाहून.

येथे ही कथा पूर्ण झाली. आपला अमूल्य वेळ देऊन ती शेवटपर्यंत वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
नाना घड्याळवाले