नऊ नंबरचं तपकिरी बटण

मी एक जादा बटण बोलतोय. कोटाला सहा बटणं लागणार असतील तर शहाणा शिंपी सात आणतो. न जाणो, एखादं फुटलं, हरवलं तर? ते सातवं मी. रंगानं तपकिरी, भोकं चार. कारखान्यातून निघताना कशावर तरी आपटलो आणि काठाचा एक टवका उडाला. टवका उडालेल्या बटणाला कोटावर कोण लावणार? माझी सहा भावंडं कोटावर गेली आणि मी डब्यात राहिलो.

तो कोटही साधासुधा नव्हता. आमच्या शहराच्या फुटबॉल टीममध्ये तेव्हा नवीनच आलेल्या नऊ नंबरच्या खेळाडूचा होता. तो इतका उंच, की खांद्याचं माप घ्यायला आमच्या टेलरमास्तरांना स्टुलावर चढावं लागलं. लोकांनी त्याचं नाव उंट ठेवलं. पुढे त्यानं गोलांचा पाऊस पाडला तरी नाव उंटच राहिलं. मास्तर मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "त्याचा पहिला कोट मी शिवलाय."

दर शनिवारी संध्याकाळी, शेवटचं गिऱ्हाईक गेलं की मास्तर कटिंगच्या टेबलावर खडूनं मैदान आखायचे. मग डबा पालथा व्हायचा आणि अकरा बटणांची निवड व्हायची. गोलकीपर म्हणून ओव्हरकोटाचं जाडजूड बटण, बचावाला पँटची चार, विंगवर शर्टाचं इवलंसं पांढरं. ते म्हणजे भिंगरी, टीममधला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ पोरगा. आणि सर्वांत पुढे, नऊ नंबरवर, मी. उंटाच्या कोटाचं बटण म्हणून मला ही जागा मिळाली आणि पुढची अकरा वर्षं ती कुणीही हलवली नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज चढला होता.

टेबलाभोवती तिघं असायचे. एक मास्तर. दुसरे त्यांचे साडू, दोन दुकानं सोडून बसणारे घड्याळजी. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण या दोघांचं नातं बायकांपेक्षा फुटबॉलनंच जास्त घट्ट केलं होतं. तिसरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं.

वाद घालताना घड्याळजींचे हात कधी रिकामे नसत. मास्तरांची सुया टोचायची एक छोटी लाल उशी होती. बोलता बोलता ते ती पुढ्यात ओढायचे, एकेका सुईत दोरा ओवायचे आणि परत टोचून ठेवायचे. सहा काळ्या दोऱ्याच्या, सहा पांढऱ्या. निघायच्या वेळी बारा सुया तयार. कारण मास्तरांना अलीकडे सुईचं भोक दिसत नव्हतं. मास्तरांना हे माहीत होतं, साडूंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. दिसत नसल्याचं बाहेर कळलं तर शिंप्याकडे कोण येणार, ही मास्तरांची भीती. म्हणून डॉक्टरचीही वाट ते धरत नव्हते.

यंदा टीमचे ग्रहच फिरले. सलग पाच सामने, एकही गोल नाही. पाचव्या सामन्यानंतरच्या शनिवारी घड्याळजींनी मला दोन बोटांत धरलं आणि रेघेबाहेर ठेवलं.

"उंटाला बसवा आता," ते म्हणाले. "भिंगरीला मधे आणा. डाव्या बॅकला वर चढू द्या. दोन्ही बाजूंनी बॉल आला तर गोल होतील."

"ज्यानं अकरा वर्षं टीम खांद्यावर वाहिली, त्याला बाहेर बसवायचं?" मास्तरांनी मला उचलून परत जागेवर ठेवलं.

"खांद्यावर वाहिली, कबूल. पण आता त्याला पास येताना दिसत नाही हो."

"दिसतं त्याला."

"नाही दिसत. आणि दिसत नसेल तर माणसानं तसं सांगावं ना मोकळेपणानं. लपवून काय होणार?"

हे वाक्य उंटाबद्दल होतं की आणखी कुणाबद्दल, हे ड्रायव्हरला कळलं नाही. बाकी दोघांना कळलं. मास्तर तांबडेलाल झाले. "तुम्ही तुमची घड्याळं बघा," एवढंच म्हणाले. घड्याळजी उठून गेले. त्या दिवशी उशीत एकच ओवलेली सुई होती.

ती सुई माझ्याच वाट्याला आली. थोड्या वेळानं मैदानाच्या गेटवर तिकिटं तपासणाऱ्या ताई धावत आल्या. त्यांच्या काळ्या युनिफॉर्मच्या कोटाचं बटण तुटलं होतं आणि उद्या सामना होता. मास्तर अजून रागात धुमसत होते. उजेडही कमी झालेला. त्यांनी टेबलावर हात फिरवला, हाताला लागलेलं मोठं बटण उचललं आणि कोटाला लावून टाकलं. ते मी होतो. हाताला सवय इतकी, की टाका अगदी पक्का बसला. ताईंनी घाईत बघितलंही नाही. काळ्या बटणांच्या रांगेत एकटा तपकिरी मी मैदानाकडे निघालो.

अकरा वर्षं फुटबॉल खेळून मी मैदान कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी गेटवरून फक्त आवाज ऐकले. लाउडस्पीकरवर अकरा नावं आली आणि त्यांत उंट नव्हता. मनातल्या मनात म्हटलं, हरा आता, मग कळेल. आणि लगेच पहिला गोल झाला. मग दुसरा. मग तिसरा!

सामना सुटल्यावर लोक गेटमधून बोलत बोलत बाहेर पडत होते.

"भिंगरी मधे काय खेळतोय राव! समोरचे नुसते गरगर फिरत होते."

"पण शेवटची वीस मिनिटं बघितलीस ना? कोचनं उंटाला आणलं, पण पुढे नाही, मागे. तिसऱ्या गोलाचा पास त्याचाच!"

"पुढे धावायचं वय नाही राहिलं त्याचं. मागून मात्र सगळं बरोबर दिसतं त्याला."

पुढच्या दोन घरच्या सामन्यांत उंट सुरुवातीपासून मागे खेळला. एकदा चार गोल झाले, एकदा दोन. एका संध्याकाळी तो स्वतः माझ्या समोरून गेला. भिंगरीच्या खांद्यावर कोपर टेकवून खदाखदा हसत होता. आपली जागा गेली म्हणून झुरत असेल असं मला वाटलं होतं. झुरत होतो तो मी.

इकडे दुकानात काय घडलं ते मला नंतर डब्यातल्या बटणांनी सांगितलं. सोमवारी मास्तरांना मी सापडेना. त्यांनी सगळं दुकान पालथं घातलं आणि मग ड्रायव्हरच्या देखत साडूंना विचारलं, "उंटाला बाहेर काढायचं होतं म्हणून बटणच उचलून नेलंत ना?"

घड्याळजींनी चपला पायात सरकवल्या. पायऱ्या उतरून गेले आणि दीड महिना फिरकले नाहीत. टीम गोलांवर गोल करत होती आणि टेबलावर खडूची एक रेघ नव्हती. ड्रायव्हर दोन शनिवार आला, पण पटवून घ्यायला समोर कुणी बोलतच नव्हतं, म्हणून तोही यायचा थांबला. उशीतल्या सुया रिकाम्या. मास्तर एकेका सुईशी अर्धा अर्धा तास झगडायचे. दोन शिवणं उलटी बसली. एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, "मास्तर, आता हात थांबवा."

मग ताईंच्या साहेबांनी त्यांना टोकलं, सगळी काळी बटणं आणि हे एक तपकिरी का? त्या कोट घेऊन दुकानात आल्या. "काका, एक बटण वेगळंच लागलंय बघा."

"छे, वेगळं कसं असेल?" मास्तर म्हणाले. कोट दारातल्या उन्हात नेला. डोळ्यांना काही उमगेना, तेव्हा त्यांनी अंगठा माझ्यावरून फिरवला. अंगठा काठाच्या टवक्यावर आला आणि तिथंच थांबला. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच ते बसले.

त्यांनी मला सोडवलं. काळं बटण लावायला सुई घेतली. एकदा, दोनदा, पाचदा दोरा भोकाच्या बाजूनं गेला. शेवटी ताईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि चटकन ओवून दिली. सहज विचारलं, "मग काका, इतके दिवस कोण ओवून देत होतं?"

मास्तरांनी बटण लावलं. ताई गेल्या. मग त्यांनी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं, एका मुठीत मला घेतलं, दुसऱ्या हातात ती लाल उशी, आणि दोन दुकानं चालत गेले. इतक्या वर्षांत एवढा लांबचा रस्ता मी पाहिला नाही.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकावत होते. मास्तरांनी मला काचेच्या काउंटरवर ठेवलं.

"साडूबुवा, बटण सापडलं."

"कुठं होतं?"

"मीच लावलं होतं. काळ्या कोटाला." मास्तरांनी उशी माझ्याशेजारी ठेवली. "तुम्हाला चारचौघांत चोर ठरवलं. चुकलं माझं. मला दिसत नाही हो. खरंच दिसत नाही."

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. काढलं असतं तर डोळे दिसले असते. त्यांनी हात पुढे करून उशी ओढून घेतली.

"काळ्या किती, पांढऱ्या किती?"

"सहा-सहा."

चार सुया ओवून झाल्या. मग घड्याळजी म्हणाले, "माझंही चुकलंच. उंटाला बसवा म्हणालो. बसवायचं नव्हतं, जागा बदलायची होती." आणखी एक सुई झाली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतोय बरोबर. नाही म्हणालात तर बायकोच्या बहिणीला सांगेन."

त्या धमकीपुढे मास्तरांचं काही चाललं नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मास्तरांनी मला उन्हात धरून उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "अरे, तू तर चांगला तपकिरी आहेस की!" अकरा वर्षं माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसानं मला नीट पाहिलं आणि तरी फेकून दिलं नाही. याहून जास्त मी काय मागू?

आता सुया त्यांना स्वतःला ओवता येतात. आठवडाभर ओवतातही. पण शनिवारी दुपारी ते सगळ्या सुयांचे दोरे काढून टाकतात आणि उशी टेबलाच्या त्या टोकाला ठेवतात, जिथं साडू बसतात. साडूंनाही हे ठाऊक आहे. ते काही न बोलता उशी पुढ्यात ओढतात आणि पहिलं वाक्य बोलतात, "डावा बॅक फार वर चढतो हल्ली, बरं का."

मी जादा म्हणून जन्मलो. ज्या हातांनी मला जागा दिली, चुकीच्या कोटावर नेलं, परत आणलं, त्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे. तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्याही सुया कुणी गुपचूप ओवून ठेवत असेल, तर बटण हरवायची वाट बघू नका. त्याला आजच सांगा, की तुम्हाला माहीत आहे.

चला, खडूच्या रेघा ओढून झाल्या. ड्रायव्हरही आलाय. भिंगरी पुढे गेला, आणि मास्तरांनी मला उचलून त्याच्या मागे, मधोमध ठेवलंय. जागा चांगली आहे. इथून दोन्ही साडू समोर दिसतात.