अर्ध्यावरचा झेंडा

"या हाताने तुला काय करायचंय?" सोल्वायने पहिल्याच दिवशी विचारलं. शस्त्रक्रिया झालेल्या आम्हा बायकांचा व्यायाम ती घेते. एकीला केस विंचरायचे होते, एकीला पाठीमागे हुक लावायचा होता. मी म्हटलं, "मला झेंडा चढवायचाय."

ओडेन्से शहराबाहेरच्या आमच्या छोट्या छोट्या बागांच्या वस्तीत झेंड्याचा एकच खांब आहे आणि अकरा वर्षं त्याची दोरी माझ्या हातात आहे. सणाला झेंडा टोकापर्यंत चढवायचा, वस्तीतलं कुणी गेलं तर अर्ध्यावर ठेवायचा. जानेवारीत उजवा स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या आणि हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

प्रेबेन आमच्या वस्तीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, दयाळू आहे. वाईट माणसाला निदान हाकलता येतं. तो गुलाबी ट्यूलिप घेऊन आला, सोबतच्या कार्डावर 'आमची योद्धा' असं लिहिलेलं. मी कसली योद्धा? मला भूल दिली होती.

"युट्टे, यंदा दोरी मी घेतो. तू आराम कर."

"मेले नाहीये मी अजून!"

"छे, तसं कोण म्हणतंय?"

शेवटी ठरलं की एप्रिलमध्ये बागा उघडतील त्या दिवशी मी झेंडा चढवला तर दोरी माझी, नाहीतर कायमची त्याची.

मग मी रोज भिंतीवर बोटं चालवू लागले. एकेक बोट वर सरकवायचं आणि हात पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. सोल्वाय मागे उभी असायची.

"लबाडी करू नकोस. तू हात नाही, खांदा उचलतेयस. कानातून काढ तो! ताण बसला तर श्वास घे आणि पुढे जा. कळ आली तर थांब."

बागा उघडायच्या दिवशी मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले. फजिती झालीच तर साक्षीदार नकोत. झेंडा अर्ध्यावर गेला आणि हाताचं लाकूड झालं. वर जाईना, आणि खाली घेताना जमिनीला लागला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. मी दोरी धरून नुसती उभी राहिले. तेवढ्यात झुडपांच्या उंच कुंपणापलीकडून आवाज आले.

"अगं बाई, झेंडा अर्ध्यावर!" ही शेजारची लिसबेट.

"युट्टे गेली," कुणीतरी म्हणालं.

"तरीच! परवा दुकानात दिसली तेव्हा चेहरा कसा पांढराफटक होता."

प्रेबेनने घसा साफ केला. "शेवटपर्यंत लढली बिचारी. दोरी आता मी सांभाळावी, ही तिचीच इच्छा होती."

माझी इच्छा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पण मग झेंडा चढवला कोणी?" लिसबेटने विचारलं.

सगळे फाटकातून आत आले. प्रेबेनने टोपी छातीशी धरली होती. मला पाहून त्याने ती घाईघाईने डोक्यावर चढवली.

"युट्टे! मग... गेलं कोण?"

"मीच. आत्ता सांगत होतास ना?"

"मग हा अर्ध्यावर कशाला ठेवलास?"

"माझा हात अर्ध्यावर आलाय म्हणून."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "दे इकडे. कुणी काही म्हणणार नाही." त्याने हात पुढे केला.

खरं सांगते, द्यावीशी वाटली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि सगळे माझ्याकडे आजारी कुत्र्याकडे बघावं तसे बघत होते.

"हात मागे घे, प्रेबेन. माझा अंत्यविधी तू मघाशीच उरकलास. तो उरकला की झेंडा पुन्हा वर जातो, ठाऊक आहे ना?"

डाव्या हाताने दोरी घट्ट धरली, खांदा कानातून काढला आणि उजव्या हाताची बोटं खांबावर चालवत वर नेली. ताण बसत होता, पण कळ नव्हती. जमेल तितक्या उंचावर दोरी पकडली आणि खाली ओढली. झेंडा हातभर वर गेला. मग पुन्हा बोटं वर. असं किती वेळा केलं आठवत नाही.

झेंडा टोकाला पोचल्यावर मी दोरी बांधली आणि अध्यक्षांकडे वळले.

"मेले होते तेव्हा टोपी काढली होतीस," मी म्हटलं. "आता काढ."

त्याने काढली.