हाताखालचा आवाज

नोएलीनने कपाळ आणि हनुवटी उपचाराच्या टेबलाच्या गोल भोकात नीट बसवली, दोन्ही हात खाली सोडले आणि उजव्या पायाचा अंगठा टेबलाच्या लोखंडी पट्टीला टेकवून तयार ठेवला. भोकातून दिसत होती फक्त हिरवी फरशी, तिच्यावरचा चहाचा जुना डाग आणि क्लेमचे तपकिरी बूट. बूट अजून खिडकीपाशीच होते.

"पोहून आलीस वाटतं," क्लेम म्हणाला. "केसांतलं पाणी गळतंय माझ्या फरशीवर."

"तेवढीच पुसली जाईल. शेवटची कधी पुसली होतीस?"

"जॉइस होती तेव्हा."

"म्हणजे बायकोने पुसली होती. तू नाहीस."

बूट हसल्यासारखे जरा हलले. खिडकीची काच दुधी होती, आणि एप्रिलातलं दुपारचं ऊन तिच्यातून गाळून आत येत होतं. शेजारच्या दुकानात चिप्स तळणं चालू होतं. गरम तेलाचा आणि व्हिनेगरचा वास, क्लेमच्या निलगिरी तेलाचा वास आणि नोएलीनच्या केसांतला समुद्राचा खारट वास, तिन्ही त्या खोलीत एकमेकांत मिसळून गेले होते. पाठीचं काही दुखत नसताना, महिन्यातून एकदा, ती या वासात येऊन पडायची.

दुखत नसताना यायचं, हा मणके बसवणाऱ्या क्लेमचा हट्टच होता. वॅरंगा हेड या किनाऱ्यावरच्या गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना त्याने तो लावला होता. दुखायला लागल्यावर कशाला येता, म्हणायचा, गाडी बंद पडल्यावर तेल घालता का? मग लोक येत. कुणी बागेत गुडघे टेकून बसता यावं म्हणून, कुणी बोलिंगच्या हिरवळीवर वाकून चेंडू सोडता यावा म्हणून. नोएलीन यायची ती समुद्राकाठी खडकात बांधलेल्या पोहायच्या तलावाच्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरता याव्यात म्हणून. ऐंशी ओलांडूनही ती त्या शेवाळलेल्या पायऱ्या कठड्याला धरून रोज उतरत होती. क्लेममुळे, पोहण्यामुळे की नुसत्या हट्टामुळे, देव जाणे. ती कधी तपासायला गेली नाही.

घोळ झाला तो दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या जेवणात. बोलिंग क्लबात सगळे कागदी टोप्या घालून बसलेले, आणि बिअर जरा जास्त झालेली. क्लेमचा मुलगा ग्लेन पर्थला असतो. त्याने घरामागे बापासाठी खोली बांधली होती आणि दर रविवारी फोन करून तो क्लेमच्या मागे लागत होता, इकडे ये म्हणून. कुणीतरी क्लेमला विचारलं, मग जाणार कधी? क्लेम उठून उभा राहिला आणि म्हणाला, ज्या दिवशी माझ्या हाताखाली मणका टक् वाजणार नाही, त्या दिवशी दारावरची पाटी काढीन आणि पर्थचं विमान धरीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख लेकाचे! नोएलीनने नाही वाजवल्या. तिला ठाऊक होतं, तिच्या पाठीत ऑक्टोबरपासून टक् झालंच नव्हतं.

पर्थ काय जवळ आहे? अख्खा देश मध्ये. तिथे गेलेलं माणूस ख्रिसमसच्या कार्डापुरतं उरतं.

म्हणून जानेवारीत, त्याने पाठीवर जोर दिला त्याच क्षणी, तिने अंगठा पट्टीवर दाबून मोडला. कट्! झकास आवाज आला. लहानपणी शाळेत ती हाच आवाज काढून नन लोकांना हैराण करायची. त्यांनी कितीदा छड्या मारल्या, पण अंगठा काही सुधारला नाही. ते किती बरं झालं, असं या म्हातारपणी वाटावं म्हणजे गंमतच. तेव्हापासून दर महिन्याला हे चाललं होतं. दोन वर्षं होऊन गेली, आणि क्लेमला पत्ता नव्हता.

"चल," क्लेम म्हणाला. बूट जवळ आले. टेबलाच्या कडेला उजवीकडे थांबले.

कामाला लागला की क्लेम बोलत नसे. आधी नुसते हात फिरवायचा. मानेपासून खाली, मग खालून वर, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा. हात कोरडे आणि गरम होते. हल्ली थोडे थरथरत, पण पाठीला ती थरथर उलट बरीच वाटे. नोएलीनने डोळे मिटले. शेजारी तेल चुरचुरत होतं. लांबवर भरतीचं पाणी खडकावर येऊन फुटत होतं आणि मागे ओढलं जात होतं. हिरवी फरशी मिटल्या डोळ्यांतही हिरवीच राहिली.

मग ती फरशी हलायला लागली. फरशी नव्हेच ती, तलावाचा तळ होता. नोएलीन पाण्यावर पालथी तरंगत होती आणि खाली पाहत होती. एक पिटुकला खेकडा आडवा चालला होता. कडेवर तिचा नवरा अल्फ बसला होता, टॉवेल खांद्यावर टाकून. हा कसा काय आला? पाण्यात न उतरताच तो विचारत होता, कसं आहे पाणी? तोंड पाण्यात असूनही ती म्हणाली, छान आहे, ये की. तो आला नाही, हसत राहिला. तिच्या पोटाखाली पाणी होतं आणि पाठीवर एक हात होता. कुणाचा ते तिला बघता येत नव्हतं. बघायला मान वर काढली तर ती बुडणार होती, आणि हात आहे तोवर बुडण्याचा प्रश्नच नव्हता. काढू नका, ती मनात म्हणाली, एवढ्यात काढू नका.

हात गेला.

ती दचकून जागी झाली. हिरवी फरशी, चहाचा डाग. पाठीवर मघाशी जोर पडून गेला होता, त्याची ऊब अजून होती, आणि खोलीत काहीच आवाज नव्हता. झालं होतं. तो दाबून मोकळा झाला होता, आणि ती झोपली होती!

विचार करायला वेळच नव्हता. तिने अंगठा पट्टीवर आपटून दाबला.

कट्!

त्या शांततेत तो आवाज बंदुकीच्या बारासारखा वाटला.

बूट हलले नाहीत. बराच वेळ हलले नाहीत. मग टेबलाला वळसा घालून खिडकीकडे गेले. एक बारीक शिट्टी वाजली आणि बंद झाली. बूट परत आले.

"या वेळी उशीर झाला तुला," क्लेम म्हणाला.

"कसला?"

"अंगठ्याला."

नोएलीनने श्वास रोखला आणि झोपेचं सोंग घेतलं.

"सोंग करू नकोस. कान लाल झालेत तुझे."

"तुला ऐकू आलं?" ती फरशीला म्हणाली.

"ऐकू कुठून येणार? कानातलं यंत्र काढूनच ठेवतो मी कामाच्या वेळी. वाकलं की शिट्टी मारतं, पेशंट घाबरतात. आत्ता घातलंय परत."

"मग?"

"बहिरा झालोय गं, आंधळा नाही. मी दाबलं रे दाबलं की तुझा अंगठा तिकडे कवायत करतो. पहिल्या दिवसापासून बघतोय."

नोएलीनला हसू येईना आणि रडूही येईना. चोरी पकडली गेल्यावर माणसाने काय करायचं असतं, ते वयाच्या या टप्प्यावर तिला आठवत नव्हतं.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"पहिल्यांदा दिसलं तेव्हा राग आला. वाटलं, माझी कीव करते बाई. घरी गेलो, ग्लेनला फोन लावायला घेतला, येतो म्हणून सांगायला." क्लेम थांबला. बूट एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. "मग वाटलं, या वयात एक बाई माझ्यासाठी अंगठा मोडून घेते. महिनाभर थांबून बघावं. पुढच्या महिन्यात तू परत मोडलास."

"आणि तू परत थांबलास."

"आणि तू एकटीच नाहीस हो. ब्रूस टेबलाखाली हाताची बोटं मोडतो. कोरल जीभ टाळूला लावून काहीतरी करते. कशी करते कळत नाही, पण गाल हलतो तिचा."

"कोरल?" नोएलीन म्हणाली. कोरल तिच्या शेजारची. रोज सकाळी कुंपणावरून गप्पा मारते, तिच्याकडची लिंबं नेते, आणि हे सांगितलं नाही! नोएलीनला चक्क जळल्यासारखं झालं. इतके दिवस ती समजत होती की ही युक्ती जगात तिच्या एकटीची आहे.

"सगळ्यांत वाईट अभिनय ब्रूसचा," क्लेम म्हणाला. "मी हात लावायच्या आधीच बोटं मोडतो तो."

दोघंही हसली. नोएलीनचं हसू भोकातून खाली फरशीवर पडलं आणि तिला स्वतःलाच वेगळं ऐकू आलं. मग हसणं ओसरलं, आणि शेजारचं तेलही नेमकं तेव्हाच गप्प झालं.

"पण खरं सांगू का, नोएलीन," क्लेम हळू म्हणाला. "हातात काही राहिलं नाही आता. जोर लावतो तो बोटांपर्यंत पोचतच नाही. मी तुमचे पैसे घेतो आणि पाठ पुसून पाठवतो. क्लबात बोललो होतो ते काही बिअर बोलत नव्हती."

नोएलीनने अंगठा पट्टीवर घट्ट टेकवला.

"ग्लेनने खोलीला रंग दिलाय. निळा. खिडकीतून म्हणे लिंबाचं झाड दिसतं." बूट वळले. "चांगला मुलगा आहे. किती दिवस त्याला टोलवायचं? हा महिना संपला की पाटी काढावी म्हणतो. तुला आधी सांगतोय."

नोएलीन पाहत होती ते बूट. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. उठावं, त्याच्याकडे बघून काहीतरी खमंग बोलावं, असं तिला वाटलं. समोरासमोर तिला तेवढंच बोलायची सवय होती. पण उठली असती तर जे बोलायचं होतं ते बोलता आलं नसतं. फरशीला मात्र सांगता येत होतं.

"क्लेम, मला ते टक् नकोय."

"म्हणजे?"

"म्हणजे नकोय. कधीच नको होतं. हवं होतं ते तुला, म्हणून मी पुरवत होते." तिने चहाच्या डागावर नजर लावली. "अल्फ गेल्यापासून माझ्या पाठीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. डॉक्टरणीचा लागतो, तो हातमोज्यातून. मुलगी येते नाताळात, मिठी मारते, ती मारल्याबरोबर सुटते. महिन्यातून एकदा इथे येते तेव्हा मला कळतं की मला पाठ आहे. मग महिनाभर ती मी सरळ ठेवते. पायऱ्या मी त्याच्यावर उतरते, समजलं? तुला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलं."

नोएलीनने टेबलाचा पाय धरला.

"पर्थला जायचं तर जा. मी काय धरून ठेवणार? पण हातात काही राहिलं नाही असं मला सांगून जाऊ नकोस."

बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं. क्लेमचे बूट जागचे हलले नव्हते. तो आता काय म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, याची वाट बघताना नोएलीनला एकदम थकल्यासारखं झालं. बोलून टाकलं होतं. परत घेता येणार नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

"मग काय करू?" शेवटी त्याने विचारलं. आवाज खरखरीत होता, आणि तो खरंच विचारत होता.

"काही करू नकोस. नुसता हात ठेव."

बारीक शिट्टी वाजली आणि तुटली. त्याने यंत्र काढलं होतं. बूट जवळ आले, टेबलाच्या कडेला येऊन थांबले, आणि दोन खांद्यांच्या मध्ये एक तळवा उतरला. मग दुसरा. त्याने दाबलं नाही. तिचा अंगठा पट्टीवरून सुटून मोकळा लोंबत राहिला.

हात थरथरत होते. मघापेक्षा जास्तच. नोएलीनने श्वास आत घेतला आणि सोडला, पुन्हा घेतला आणि सोडला. पाठ वर गेली की हात वर जात होते, खाली आली की खाली येत होते. भरती अजून चालू होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण हळूहळू तिच्या पाठीवरची ती थरथर कमी होत गेली, आणि मग एका श्वासाला ती नव्हतीच. हात नुसते होते, जड आणि गरम.

बाहेर व्हरांड्यात ब्रूस खाकरला. आपली वेळ झाल्याचं कळावं म्हणून तो पुन्हा, जरा मोठ्याने खाकरला. क्लेमला ते ऐकू आलं नाही, आणि नोएलीनने सांगितलं नाही.